अकरा ओळी

तुमचे बदल पुसून मूळ प्रत घ्यायची का, असं संगणकाच्या पडद्यानं विचारलं आणि मांडीवरच्या ननूला थोपटता थोपटता धाकटीनं 'हो' दाबलं. दोन रात्रींची झोप डोळ्यांवर होती. चूक कळेपर्यंत तिनं प्रोग्राममध्ये घातलेल्या अकरा ओळी पुसल्या गेल्या होत्या.

त्या ओळी बाबांसाठी होत्या. बाबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. आता हात थरथरतो, एक अक्षर दाबायला जावं तर पाच उमटतात. लिहिण्याचा एक प्रोग्राम कुणी परक्या माणसांनी सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. धाकटीनं त्याची आपली वेगळी प्रत काढली आणि तीत सांगून ठेवलं, की अर्ध्या सेकंदात तेच अक्षर परत आलं तर धरायचं नाही. मूळ प्रोग्राम मात्र बदलत राही. महिन्या-महिन्याला त्यात दुरुस्त्या येत. त्या आपल्या प्रतीत आणायच्या आणि आपल्या ओळीही जपायच्या. दुसऱ्याच्या चालीनं चालायचं आणि कडेवरचं पोर पडू द्यायचं नाही, तसं ते काम. जुना लॅपटॉप तर बाळंतपणातच बंद पडलेला, त्यामुळे पुसलेल्या ओळी तिच्याकडे दुसरीकडे कुठेच नव्हत्या.

तिनं बाबांना फोन लावला. गेल्या तीन महिन्यांत पाठवलेली एकही नवी प्रत त्यांनी बसवली नव्हती. एरवी ती चिडली असती; आज हायसं वाटलं, त्यांच्याकडच्या जुन्या प्रतीत त्या ओळी असणार होत्या.

"किती वेळा सांगितलं तुम्हाला?" ती सवयीनं म्हणाली.

"चालतं घड्याळ उघडू नये, धाकटे."

दुपारी ननूला घेऊन ती माहेरी गेली. बाबा आधी सतरंजीवर नीट बसले, मगच नातीला घ्यायला हात पुढे केले. धाकटीनं त्यांचा संगणक उघडला. अकराच्या अकरा ओळी जागेवर होत्या. फक्त अर्ध्याच्या जागी आता दोन होतं.

"हा आकडा तुम्ही बदललात?"

"अर्ध्यात भागेना."

"कधीपासून?"

"झाला असेल महिना." ते ननूच्या टाळूकडे बघत म्हणाले, "तुझ्यामागे काय कमी आहे? म्हटलं, आपलं आपण बघावं."

ओळी उचलून तिनं नव्या प्रतीत बसवल्या. आकडा दोनच ठेवला. मग ननूला आपल्याकडे घेऊन म्हणाली, काहीतरी लिहून बघा.

बाबांनी नातीचं नाव लिहायला घेतलं. पहिला न उमटला, एकच. दुसऱ्यासाठी बोट वर धरून ते थांबले. बोट थरथरत होतं. धाकटीही थांबली, पूर्ण दोन सेकंद.

मग दुसरा न उमटला.