दोन पट्ट्यांचे शेवाळ

मित्रांनो, मी एक जुने शेवाळ आहे. प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीवर, गळक्या पाइपाखाली राहते. इथवर सगळे ठीक आहे. पुढे मात्र माझा गोंधळ उडतो.

माझ्या खाली सावलीत मऊ, लांब पानांचे शेवाळ आहे. त्याला मी आपले मानत आले. वर उन्हात, कठड्यावर, आखूड पानांची एक शेजारीण होती. उन्हाळ्यात ती सुकून काळी पडे, आणि मी नाक नसूनही नाक मुरडत असे.

एक संशोधक ताई आमच्या तिघांच्या काड्या खुडून कागदी पाकिटांत घेऊन गेली. आमच्या अंगात आनुवंशिक खुणा असतात म्हणे, आणि यंत्रातून त्यांच्या पट्ट्या उमटतात. शेजाऱ्यांची एकेकच पट्टी उमटली. माझ्या मात्र दोन, एक खालच्या शेवाळाची आणि एक वरच्या शेजारणीची! ताईच्या सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"तू दोन शेवाळं एकत्र खुडलीस. ही भेसळ आहे."

मला भेसळ म्हटले, मित्रांनो. रागवावे की रडावे, तेच कळेना. त्यातच भिंत रंगवायची ठरली होती. रंगारी कठड्यापासून सुरुवात करून रोज थोडे खरवडत खाली येणार होता. ताईने घाईघाईने माझ्याभोवती खडूने गोल काढला.

"काका, एवढं सोडून बाकी खरवडा."

गोल माझ्यापुरताच होता. मी खूश झाले, हे कबूल करते.

मग ताईने सूक्ष्मदर्शकाखाली माझी एकच काडी वेगळी केली, धुतली आणि पुन्हा तपासली. पुन्हा दोन पट्ट्या. सरांनी वहीतला 'भेसळ' हा शब्द खोडला.

"भेसळ नाही, संकर आहे. दोन्ही घरांचं आहे हे."

माझ्यात आईकडून येणारी खूणही सापडली. ती कठड्यावरच्या शेजारणीची निघाली. ताई धावत खाली आली आणि तिने रंगाऱ्याला थांबवले. सावलीतले शेवाळ वाचले. कठडा मात्र स्वच्छ झाला होता. मला फार वाईट वाटले.

आज ताईने पाकिटातल्या शेजारणीच्या उरलेल्या सुक्या काड्या माझ्याजवळच्या विटेवर ठेवून पाणी शिंपडले. त्या हळूहळू पाने उघडत आहेत. आमचे नाते हजारो पिढ्यांपूर्वीचे, असे सर सांगतात. तिला मावशी म्हणू की पणजी, मला सुचत नाही.

मित्रांनो, भिंत खरवडण्याआधी इथे कोण कोणाचे आहे, ते जरा बघा. आम्हाला विचारून उपयोग नाही. आमचे आम्हालाच ठाऊक नसते.