डाव्या डोळ्याखालचा ओरखडा

मित्रांनो, आधी मला जरा टेकू द्या. सकाळपासून तीन डोकी माझ्यात शिरून गेलीत, त्यातल्या एकाला तर सर्दी होती, आणि हे असलं सोसायचं माझं वय राहिलेलं नाही. मी एक जुना मुखवटा आहे, पुठ्ठ्याचा, अख्खं डोकं आत जाईल एवढा. माझा एक कान दोनदा निखळलाय, हनुवटी मऊ पडलीय. पण ऐकताय ना? मग सांगतोच, नाहीतर मला झोप लागेल.

माझा जन्म फ्रिजच्या खोक्यातून झाला. घुमीचे बाबा फ्रिज दुरुस्त करतात, त्यामुळे घरात पुठ्ठ्याला तोटा नव्हता. घुमी हे काही तिचं खरं नाव नाही, ते आत्यानं पाडलेलं. पाहुणे आले की ही दाराआड, नाव विचारलं की नजर पायाच्या अंगठ्यावर. "मूग गिळूनच जन्माला आलीय का गं ही, वहिनी?" असं आत्या विचारायची, आणि आई म्हणायची, "बोलेल हो. घाई कुणाला आहे?"

त्या वेळी टीव्हीवर 'धूमकेतूचे खलाशी' नावाची कार्टून मालिका लागायची. धूमकेतूच्या शेपटीवरून जाणारं जहाज, त्यावरचे सगळे खलाशी महाबडबडे, आणि एकटा सुकाणूवाला गप्प, तोंडावर कायम पत्र्याचा मुखवटा. घुमीला कोण आवडत असेल ते तुम्हीच ओळखा. बारा वर्षांची होती, सुट्टी होती, ती बाबांच्या मागे लागली, म्हणजे मागे लागली म्हणजे काय, त्यांच्या शेजारी नुसती उभी राहिली. बाबा समजले. त्यांनी खोकं कापलं, तिनं सरस लावून कागदाचे थर चढवले, मग गंजक्या जाळ्यांना मारतात तो चंदेरी रंग. बाबांनी कापताना पुठ्ठा उलटा धरला होता, त्यामुळे माझ्या आतल्या बाजूला 'ही बाजू वर' असं छापलंय आणि बाण हनुवटीकडे आहे. शेवटी बाबांनी स्क्रूड्रायव्हरनं डाव्या डोळ्याखाली सुकाणूवाल्याच्या मुखवट्यावर असतो तसा एक ओरखडा काढला, घुमीनं सांगितला तिथेच.

आणि तिथेच घात झाला. घुमीनं माझा फोटो इंटरनेटवर मालिकेच्या चाहत्यांच्या गटात टाकला, आणि तासाभरात वीस जण तुटून पडले. ओरखडा उजव्या डोळ्याखाली असतो, एवढंही माहीत नाही? मालिका बघितलीस तरी का? खरं तर घुमी चुकली नव्हती. का चुकली नव्हती, ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तिच्या पुटपुटण्यातून मलाही. पण तिनं लिहिलं एवढंच, "सॉरी." मला उचललं आणि माळ्यावर ठेवलं. मित्रांनो, सहा वर्षं. एक पाल माझ्या डाव्या डोळ्यातून आत यायची आणि उजव्यातून बाहेर जायची, तेवढीच काय ती वर्दळ.

खाली घुमी सुकाणूवाल्याच्या गोष्टी लिहीत राहिली, टोपणनावानं, पानंच्या पानं. तिथे तिची बोटं अशी चालायची की आत्यानं बघितलं असतं तर तोंडात बोट घातलं असतं.

मग घुमीला विद्यापीठात प्रवेश मिळाला, दूरच्या शहरात. ट्रंक भरताना तिनं मला का घेतलं, देव जाणे. वसतिगृहात मी कॉटखाली ट्रंकेत, माझ्या तोंडावर इस्त्री, डोक्यात मोजे. पण ऐकू सगळं यायचं. खोलीत दुसरी मुलगी होती, कायद्याच्या पहिल्या वर्षाची, सगळे तिला वकीलबाई म्हणायचे, कारण ती पंख्याच्या वेगावरूनसुद्धा खटला चालवायची. ती बोलायची, घुमी "हं" म्हणायची. मेसमध्ये कुणाशेजारी बसायचं ते कळत नाही म्हणून घुमी खोलीत बिस्किटं खायची. चार आठवडे बिस्किटं. वर्गात सरांनी प्रश्न विचारला की उत्तर वहीत लिहायची, सांगायची नाही.

एका गुरुवारी तिनं घरी फोन केला.

"बाबा, मला घरी यायचंय. कायमचं."

पलीकडून काय बोलणं झालं ते मला तिच्या उत्तरांवरून कळलं. बाबा रविवारी फ्रिजची गाडी घेऊन येणार होते. त्यांनी का, कशाला काही विचारलं नाही, आणि त्यामुळेच ती जास्त रडली.

शनिवारी दुपारी ट्रंक ओढली गेली. मला वाटलं, चला, परत माळा, परत पाल. तेवढ्यात वकीलबाई आली.

"हे काय गं? इतके दिवस कॉटखाली मुंडकं लपवून ठेवलंस?"

"ते... काही नाही. जुनं आहे."

"काही नाही कसं? कान आहेत याला." तिनं मला डोक्यावर चढवलं. "अगं, खाली हॉलमध्ये दर शनिवारी काही मुली हेच तोंड असलेलं कार्टून बघत बसतात. थांब, दाखवून येते."

"नको, ऐक ना, फाटेल तो..."

पण वकीलबाई निघालीसुद्धा. मित्रांनो, मला पाय नाहीत, पण त्या दिवशी मी दोन जिने उतरलो, आणि मागून घुमी अनवाणी धावत होती. दाराच्या कडीत अडकून माझा कान गेला तो तेव्हाच.

हॉलमध्ये सात-आठ मुली सतरंजीवर बसल्या होत्या. मधोमध जाड चष्मा लावलेली एक शेवटच्या वर्षाची ताई. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हसली.

"छान आहे गं. पण ओरखडा चुकीच्या बाजूला काढलाय."

बाकीच्याही हसल्या. तोच ओरखडा, तेच हसू. घुमी दारात उभी, नजर अंगठ्यावर. मी म्हटलं, झालं, आता सॉरी म्हणेल, आणि उद्या गाडी आहेच.

"एक मिनिट," माझ्या आतून वकीलबाई म्हणाली. तिला त्या मालिकेतलं ओ की ठो माहीत नव्हतं. "माझ्या अशिलाची बाजू ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. बोल गं."

  घुमीचा आवाज निघाला तो इतका बारीक की पुढची मुलगी पुढे वाकली.

"नववा भाग. त्यात एका ठिकाणी चित्रच उलटं लागलंय. त्याच्या मागच्या दारावरचे आकडे पण उलटे आहेत. पूर्ण मालिकेत तो तिथेच एकदा बोलतो, म्हणून मी तिथलाच चेहरा घेतला."

चष्मेवालीनं नववा भाग लावला. नेमक्या जागी थांबवला. आकडे उलटे होते. ओरखडा डाव्या डोळ्याखाली होता.

"मी सहा वर्षं बघतेय हे," ती हळूच म्हणाली. "मला कधी दिसलं नाही. बस की. अजून काय काय दिसलंय तुला?"

घुमी बसली. आणि मग जी बोलत सुटली म्हणता, अंधार पडला, मेसची घंटा झाली, तेव्हा सगळ्यांबरोबर उठून बोलत बोलतच जेवायला गेली. मी सतरंजीवर एकटाच, एका कानाचा, पण इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

रविवारी गाडी आली. बाबा उतरले, इकडेतिकडे बघून म्हणाले, "सामान कुठंय?"

घुमीनं मला पुढे केलं. "बाबा, सरस आहे ना गाडीत? याचा कान गेलाय."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गाडीच्या पायरीवर बसून माझा कान चिकटवला. ते खूप वेळ चिकटवत होते, एवढा काही मोठा कान नाही माझा. मग म्हणाले, "तो ओरखडाही भरून टाकू का? त्या गटातले लोक तुला फार बोलले होते तेव्हा."

"नको," घुमी म्हणाली. "तो बरोबर आहे."

गाडी रिकामीच परत गेली.

तेव्हापासून मी या हॉलच्या फळीवर आहे. तीन वर्षं झाली. येईल तो मला घालतो, फोटो काढतो, कुठेही टाकून जातो, आणि घुमीचंही हे शेवटचं वर्ष, तिला आता माझ्याकडे बघायला सवड नसते. मी तक्रार करत नाही, थकलोय एवढंच. पण मित्रांनो, मला घातलंत तर परत फळीवर ठेवा, ओल्या भिंतीला टेकवू नका, आणि ओरखडा पुसायला जाऊ नका. दारात कुणी अंगठ्याकडे बघत उभं असेल तर त्याला आधी बोलू द्या. आणि हो, मला ठेवताना डोकं वर असू द्या. आतला बाण काहीही सांगो.