बाथरूममधली गुहा

दिवा लागलेला होता.

पण असं एकदम नको. आधी बटाटे.

बटाटे ताईने सालासकट उकडून ठेवले होते. ताई एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. ताट खाटेवर कलंडलं तर काय सांडतं आणि काय नाही, हे तिच्या हातांना पाठ होतं. म्हणून रविवारच्या गुहेच्या सहलीचं खाणं तिच्याकडे आलं. आलं म्हणजे काय, तिने ते ओढूनच घेतलं.

त्या गुहेत वाटाड्या नसतो. दारावर हेल्मेट आणि एक नकाशा देतात, पुढे तुमचे तुम्ही. फोनवर तिथल्या माणसाने ताईकडून दोन गोष्टी घोकून घेतल्या होत्या. एक, माणशी तीन दिवे, तिन्ही वेगवेगळे, शेजारच्याच्या दिव्याच्या भरवशावर यायचं नाही. दोन, खाण्याचा कणही मागे राहता कामा नये. "चुऱ्यावर बुरशी धरते हो," तो कळवळून म्हणाला होता. "हजारो वर्षं तिथे काही उगवलेलं नाही. तुमच्या ब्रेडमुळे उगवायला नको."

त्यामुळे ब्रेड बाद, बिस्किटं बाद. बटाटे, बिनबियांचे खजूर आणि चीजचे तुकडे पास झाले. अंड्यांवरून मात्र ताईचं आणि धडक्याचं जुंपलं.

धडक्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. ताडासारखा उंच, शहर बसवर ड्रायव्हर. घरात मात्र चालायला लागला की दाराची चौकट, खुर्चीचा पाय, कुणाच्या तरी हातातला पेला, काहीतरी लागणारच. 'घरात धडक्या, रस्त्यावर पक्का' असं ताईचा नवरा म्हणायचा. रस्त्यावर खरोखरच त्याची गाडी आजवर कुणाला लागली नव्हती. ताईची मुलगी चिमणी रोज मामाच्या बसने शाळेत जायची. ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट तिची. वर्गात तिला त्याचा कोण तोरा.

"अंडी हवीतच," धडक्या म्हणाला.

"आणि टरफलं? गुहेत पेरणार?"

"डब्यावर धरून सोलतो ना. एक कपचा पडला तर कान पकडीन."

"तुझ्याच हातून पडायचा. पेला धड धरता येत नाही तुला."

हे ताई हसून म्हणाली होती. हसून. पुढचं सगळं झाल्यावर तिला हेच वाक्य आधी आठवलं.

*

दिवे. टेबलावर तिघांचे मिळून नऊ दिवे हवे होते, होते तेरा, कारण कुणाचंच एकमत नव्हतं.

ताईचा नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. त्याला बटणांची हौस. त्याने कपाळावर बांधायचा एक दिवा आणला होता. तो मंद, मध्यम, प्रखर तर व्हायचाच, वर लालही व्हायचा. "लाल कशाला?" असं विचारलं की नवरा म्हणायचा, "असू दे की." ताईला मंदच दिवे आवडले. मंद लावला की बॅटरी दिवसभर टिकते, आणि टिकणारी गोष्ट ताईला नेहमीच आवडायची.

धडक्याने आणलेला दिवा भोपळ्याएवढा होता.

"हा डोक्यावर बांधणार? मान मोडेल तुझी."

"हातात धरीन."

"आणि दगडाला काय धरशील, दात?"

तो हसला, पण दिवा सोडला नाही. बाकीचा प्रत्येक दिवा त्याने भिंतीवर मारून बघितला आणि बाजूला सारला. याचा गोल लहान पडतो. हा कडेला काहीच दाखवत नाही. हा कसला, हा तर काडेपेटीच्या लायकीचा.

"गुहेत जायचंय रे," नवरा म्हणाला, "लग्नाचा मांडव नाही घालायचा."

"भावजी, दिसायला नको का?"

*

आता तालीम. तालमीचं मूळ ताईच्या बाबांमध्ये. बाबा नाटकांना प्रकाश द्यायचे. रंगीत तालमीशिवाय पडदा वर जात नाही, हा त्यांचा धंद्याचा नियम त्यांनी घरालाही लावला. नवे बूट घरात दोन दिवस चालून मगच रस्त्यावर. नवी छत्री नळाखाली उघडून बघितल्याशिवाय उंबऱ्याबाहेर गेली नाही. एकदा प्रवासाला निघण्याआधी त्यांनी सगळ्यांना बॅगा घेऊन जिन्यावरून वर-खाली करायला लावलं होतं. शेजारीपाजारी निरोप द्यायला बाहेर आले होते. बाबा गेले, तालीम राहिली.

तेव्हा शनिवारी भर दुपारी, चिमणीला मैत्रिणीकडे धाडून, तिघं मोठी माणसं घरातल्या एकमेव बिनखिडकीच्या खोलीत शिरली. बाथरूममध्ये. दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. ताई पालथ्या बादलीवर, नवरा कमोडच्या झाकणावर, धडक्या भिंतीला पाठ लावून फरशीवर. मधे डबा आणि दिव्यांच्या पिशव्या.

ताईने फर्मान काढलं: सगळे दिवे गेले असं समजायचं. अंधारात दुसरा दिवा शोधायचा, आणि तो सापडेपर्यंत खाऊन दाखवायचं.

मग टक, टक, टक.

*

"अहो, घड्याळ झाका. चमकतंय."

"झाकलं. ई."

"काय झालं?"

"साबणात हात गेला."

"भावजी, तेही खाण्यात धरायचं का? ताई, साबणाचा कण मागे राहिलेला चालतो?"

"बडबड नको रे. आपापला दिवा शोधा."

"माझी बॅटरी पडली बहुतेक. घरंगळली कुठेतरी."

"तुमच्या डाव्या टाचेपाशी आहे, भावजी. पाय उचला. ही घ्या."

"तुला कसं कळलं?"

"ऐकलं."

"धडक्या, वटवाघूळ आहेस का तू?"

"अंडं सोललंय, मीठ लावलंय. हात पुढे करा. हा तुमचा हात नाही, हा ताईचा गुडघा आहे. हं, आता मिळालं? ताई, हे तुझं. बोट फिरवून बघ, एक कपचा नाही."

"खरंच की रे. आमच्या इस्पितळात भर उजेडात सोलतात तरी अशी सोलत नाहीत."

"मग? कान पकडू की बक्षीस देतेस?"

"थांब, दिवा लागू दे. मग देते बक्षीस."

"सापडला का?"

"सापडतोय."

*

सापडला होता. खिशात ठेवायचा, बोटाएवढा, सगळ्यात लहान. ताईने बटण दाबलं. तो मंदावर लागला, झिरोच्या बल्बएवढा उजेड. पण त्या काळोखानंतर तेवढ्यातही सगळं लख्ख दिसलं: ब्रशचा मग, नळावर वाळत घातलेलं फडकं, नवऱ्याच्या मिशीला लागलेला पिवळा बलक. नवऱ्याने डोळे मिचकावले आणि 'जिंकलीस' अशी मान डोलावली.

धडक्या ताईकडे तोंड करून बसला होता. हातात अर्धं सोललेलं अंडं. बोटं चालूच होती, टरफल डब्यात पडत होतं.

"ताई, सापडेना का अजून?" तो म्हणाला. "मी लावू?"

नवरा फसकन हसला. "नाटक पुरे."

"कसलं नाटक?"

ताईने हात पुढे केला. त्याच्या नाकासमोर हलवला. डोळे टक्क उघडे होते, आणि बघत होते ते ताईचा आवाज जिथून शेवटचा आला होता तिथे, तिच्या कानाच्या जरा वर. पापणी हलली नाही. तिने दिवा विझवला. पुन्हा लावला. तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही.

नवऱ्याचं चावणं थांबलं.

कुणीच काही बोलेना, तेव्हा धडक्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. अंड्यावरची बोटं थांबली.

"लागलाय का दिवा?" त्याने विचारलं.

ताई म्हणाली, "मीठ कमी झालंय."

असं का म्हणाली, तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. तोंडात तेच आलं.

*

स्वयंपाकघर. खिडकीतून ऊन. धडक्या खुर्ची ओढून बसला, नेहमीसारखा, समोरच्या कॅलेंडरवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचू शकणारा. ताई बटाटे कागदात गुंडाळत होती. गुंडाळलेले पुन्हा गुंडाळत होती.

"कधीपासून?" नवऱ्याने विचारलं.

"अंधारात लहानपणापासूनच कमी दिसायचं. वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं. कडेचं आत्ता आत्ता जायला लागलं."

"कडेचं म्हणजे?"

"नळीतून बघावं तसं. डॉक्टरकडे जाऊन आलो. म्हणाले, कडेकडून मिटत येणार."

"आणि डेपोत तपासणी होते ना तुमची?"

"होते की. तक्ता वाचायला लावतात. शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो मी, भावजी. मधलं झकास आहे. कडेचं कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

म्हणून दिवसाची ड्युटी मागून घेतलीस, असं ताईला म्हणायचं होतं. 'मला पहाटेचं उठवत नाही गं' असं त्याने सांगितलं होतं आणि तिने त्याला आळशी म्हटलं होतं.

दाराची चौकट: आम्ही सगळे हसलो होतो.
चिमणीच्या वाढदिवसाला कोपराने उडालेला केक: मी त्याला धांदरट म्हणाले होते.
दारात मी हात पुढे केलेला असताना तो तसाच आत निघून गेला: शिष्ट म्हणाले होते, दोन दिवस बोलले नव्हते.
आणि ते नाव. ते तर मीच ठेवलं.

ताईच्या हातात बटाटा होता. तिने तो त्याच्या कानाशेजारी धरला आणि सावकाश पुढे आणला. गालाशेजारी. डोळ्याच्या कोपऱ्याशी. तो समोर नवऱ्याकडे बघत होता.

"कुठे आहे?" तिने विचारलं.

"काय कुठे आहे?"

बटाटा जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा तो दचकला. ताई स्टुलावर बसली. बटाटा होता म्हणून बरं. बटाटा पळत येत नाही. बटाट्याच्या पाठीवर दप्तर नसतं.

"मी तुम्हाला सांगणार होतो," धडक्या म्हणाला. "उद्या. गुहेत, आतल्या मोठ्या दालनात, डबा उघडल्यावर. तिथे सगळ्यांनाच दिव्याच्या गोलाएवढं दिसतं, ताई. बाकी सगळीकडे काळं. म्हटलं, तिथे सांगितलं तर समजवत बसावं लागणार नाही. बघा म्हणायचं, हे असं."

"आणि सोमवारी?"

"सोमवारचं ठरवलं नव्हतं."

"आता ठरव. डेपोत फोन कर."

"उद्या जाऊन येऊ. मग करतो."

"आत्ता."

"अगं, त्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा मला माहीत आहे. आरसे जास्तीचे लावून घेतलेत. मान फिरवत राहतो सारखी. इतकी वर्षं एक ओरखडा नाही गाडीला." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "गाडी सोडून मला दुसरं काय येतं गं?"

"अंडी सोलता येतात," नवरा म्हणाला. त्याला धीर द्यायचा होता.

मग धडक्याने खुर्ची वळवली, अगदी ताईच्या समोर आणली.

"एक सांग," तो म्हणाला. "सोमवारी चिमणीला माझ्या गाडीत बसवशील?"

लहानपणी याला न्हाऊ घातलं होतं तिने. याच्या मारामाऱ्या अंगावर घेतल्या होत्या. याच्यासाठी बाबांशी साफ खोटं बोलली होती. आणखी एक हो म्हणायला काय लागतं? सोमवारी मुलीला ताप आला असं सांगून घरी ठेवता आलं असतं, मंगळवारी आणखी काही. आत्ता नुसतं हो म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं.

हो आलं नाही.

मधलं त्याला झकास दिसत होतं. ऊन होतं, चेहरा हाताच्या अंतरावर होता. त्याने ताईचा चेहरा तक्त्यासारखा वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत.

"बरं," तो म्हणाला. "मग दुसऱ्यांच्या पोरांना कशी बसवू?"

त्याने खिशातून फोन काढला. पलीकडे वाजत राहिलं. ताईला वाटलं, कुणी उचलू नये. लगेच वाटलं, लवकर उचलावं. कुणीतरी उचललं.

"साहेब, सोमवारी माझ्या गाडीवर दुसरा माणूस द्या. नाही, ताप नाही. डोळे. हो, तक्ता वाचतो मी, तुमच्यासमोरच वाचला होता. तक्त्याचं नाही बोलत, कडेचं बोलतोय." मग फोनवर हात ठेवून तो ताईला म्हणाला, "किती दिवस लागतील विचारतायत."

लहानपणी गणिताचं उत्तर विचारायचा, तसंच विचारलं त्याने.

ताईच्या मुठीत तो बटाटा अजून तसाच होता, कागद चुरगळून घामाने ओला झालेला. तो तिने पुढे केला. हवेत धरून ठेवला नाही. त्याचा मोकळा हात शोधला, उघडला, आणि त्यात ठेवला.