कुंपणापलीकडची अंबाडी

आमच्या ह्यांना २००६ च्या सप्टेंबरात ऑकलंडला आणलं, तेव्हा माझी एकच अट होती: नीलूचं बाळंतपण होईपर्यंत 'परत जाऊ' म्हणायचं नाही. चौथ्या दिवशी म्हणाले.

"इथे मला काम काय?"

प्रश्न चुकीचा नव्हता. नीलू म्हणजे आमची लेक नीलांबरी, हॉस्पिटलात फार्मसिस्ट; जावई शंतनू कॉम्प्युटरवाला. दोघं सकाळी सातला बाहेर पडत. मग हिल्सबरोच्या त्या लाकडी घरात मी, हे आणि हीटर. ह्यांनी शेती खात्यात चौतीस वर्षं काढलेली. दिसेल त्याला सल्ला द्यायची खोड, आणि इथे सल्ला घ्यायला चिटपाखरू नाही. दिवाळी पुण्यातच करायची म्हणून हटून बसले. एकटं पाठवावं तर स्वतःचा चहा करता येत नाही. म्हणजे मलाही निघावं लागणार आणि डिसेंबरात लेक आईवाचून बाळंत होणार. मी रोज देवाला विनवत होते, ह्या माणसाला कामाला लाव रे बाबा.

देवाने क्रेगला पाठवलं.

क्रेग मागच्या कुंपणापलीकडचा सुतार. कडाक्याच्या थंडीतही पायात जांडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपर. एका सकाळी हे माकडटोपी घालून कुंपणावरून डोकावले आणि ओरडले, "अगं, अंबाडी!"

मी धावले. शेडमागे बारा कुंड्या ओळीने मांडलेल्या. रोपं जेमतेम चार बोटांची, पण पानं बघितली आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. तीच हाताच्या पंजासारखी, कातरलेल्या कडांची पानं. तेवढ्यात क्रेग बाहेर आला आणि आम्हाला बघून पांढराफटक पडला.

"टोमॅटो," तो म्हणाला. आम्ही विचारलंही नव्हतं.

ह्यांचा पारा चढला. "थर्टी-फोर इयर्स आय वॉज इन ॲग्रिकल्चर! यू आर टेलिंग मी टोमॅटो? वी ईट धिस!"

"यू ईट इट?"

"विथ गार्लिक. होल फॅमिली. स्मॉल चिल्ड्रन ऑल्सो."

क्रेगने आमच्याकडे इतक्या आदराने पाहिलं की मला पदर सावरावासा वाटला. मग हळूच म्हणाला, "दे आर नॉट मूव्हिंग, मेट. थ्री वीक्स."

ह्यांनी कुंपणावरून हात लांबवून एका कुंडीत बोट खुपसलं. माती थंडगार आणि चिकचिकीत. पाणी किती घालतोस? दिवसातून दोनदा. "बुडवून मारतोयस त्यांना," हे आधी मराठीत म्हणाले, मग इंग्रजीत. इथला वसंत नावालाच आहे, रोपाचा दोष नाही, आधी खाली मूळ धरतं आणि मग वर दिसतं, थांब जरा. क्रेग आत गेला आणि वही घेऊन आला.

त्या दिवसापासून हे रोज नऊच्या ठोक्याला कुंपणाशी हजर. पलीकडे क्रेग, वही आणि इथला माओरी नमस्कार, "कियोरा, प्रोफेसर!" तिसऱ्या दिवशी हे एक पान चावून आले आणि दोनदा चूळ भरली.

"आंबट आहे का?" मी विचारलं.

"थंडीत आंबटपणा उतरत नाही," म्हणाले.

दिवाळी झाली, चकल्या कुंपणापलीकडे गेल्या, तिकिटाचं नावही निघालं नाही. नोव्हेंबरात ऊन तापलं आणि रोपांनी जी उडी घेतली ती थेट कमरेपर्यंत. मी भाजीचं विचारलं की ह्यांचं उत्तर ठरलेलं, "अजून कोवळी आहे."

आणि एके दुपारी दारात लाल रिबीन बांधलेली कुंडी. सोबत चिठ्ठी: प्रोफेसर आणि मिसेस प्रोफेसर, तुमच्या करीसाठी. हे झोपले होते. मी म्हटलं, मरो तो कोवळेपणा. पानं खुडली, धुतली, चाळणीत निथळत ठेवली. कण्या भिजवल्या, तूरडाळ भिजवली, लसूण सोलला. वास जरा उग्र वाटला, पण ह्या देशात कोथिंबिरीला तरी कुठे धड वास आहे! फोडणी तडतडली आणि नीलू कामावरून आली. चाळणीकडे बघत ती दारातच थिजली.

"आई, गॅस बंद कर."

"अगं, अंबाडी आहे, क्रेगने..."

"आई, हा गांजा आहे!"

आरडाओरडा ऐकून हे उठून आले. नीलूने आधी खिडकीचा पडदा ओढून घेतला. पोलीस आले तर तिचं रजिस्ट्रेशन जाईल, नोकरी जाईल, तीही अशा दिवसांत. "बाबा, तुम्ही शेती खात्यातले ना? तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं होतं," हे म्हणाले. "तिसऱ्या दिवशी. अंबाडी आंबट असते."

"मग बोलला का नाहीत?"

ह्यांनी चाळणीतलं एक पान उचललं. "चौतीस वर्षं गावोगाव सांगत फिरलो. लोक मान हलवायचे, चहा पाजायचे आणि घरी जाऊन मनाचंच करायचे. ह्याने लिहून घेतलं गं. आणि तसंच्या तसं केलं."

मला भयंकर राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. मान हलवणाऱ्यांत मीही होतेच की.

कुंडी आणि खुडलेली पानं ह्यांनी स्वतः परत नेली. "आय ॲम गव्हर्नमेंट सर्व्हंट. रिटायर्ड. नो मोअर," एवढंच क्रेगला सांगितलं. दुसऱ्या दिवशी माकडटोपी खुंटीलाच राहिली. संध्याकाळी म्हणाले, "शंतनूला सांग, तिकीट बघ." बाळंतपणाला पंधरा दिवस होते, नीलूची रजाही सुरू झाली होती. मी रात्रभर कूस बदलत राहिले.

तिसऱ्या सकाळी कुंपणावर टकटक झाली. क्रेग उभा होता. शेडमागची कुंड्यांची ओळ नाहीशी झाली होती. कुठे गेली ते मी विचारलं नाही. त्याच्या हातात एक ट्रे, ट्रेमध्ये पिवळी पडलेली इवलीशी रोपं.

"प्रोफेसर, दीज आर नॉट मूव्हिंग आयदर."

"व्हॉट इज इट?" ह्यांनी लांबूनच विचारलं.

"टोमॅटो."

ह्यांनी एक पान चुरगळून हुंगलं. मग मला हुंगायला लावलं. मग खिडकीतल्या नीलूला नेऊन दाखवलं. तिने हुंगून मान डोलावली आणि हसू दाबत आत गेली.

"वॉटर?" ह्यांनी विचारलं.

क्रेगने खाली बघितलं. "ट्वाइस अ डे."

"अरे गाढवा!" हे म्हणाले, आणि क्रेगने खिशातून वही काढली.

तासाभराने हे टोपी काढत आत आले. "शंतनूला म्हणावं, तिकीट राहू दे. ह्याच्या टोमॅटोला फळ धरेपर्यंत मी हलत नाही."

मी बोटांवर मोजलं. तोवर बाळ दोन महिन्यांचं झालं असतं.