एकदा हात लावून बघा बरं!

दिवाळीच्या आठवड्यात गुलमंडीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते, हे काय सांगायला पाहिजे? तरी माणसं जातातच. तीच साडी मोठ्या दुकानात गारव्याला बसून घेता येते, पण नाही! घामाघूम होऊन, दहा जणांची कोपरं खाऊन घेतली नाही तर आपल्याला दिवाळी आल्यासारखी वाटतच नाही. आणि जिथं आपण तिथं चोर. त्यांनाही लेकरंबाळं, त्यांनाही दिवाळी.

यंदा व्यापाऱ्यांच्या संघटनेनं चौकात मांडव टाकला. एक टेबल, दोन-चार खुर्च्या, रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांचा एक टीव्ही, बंदोबस्ताला हवालदार फारूख आणि माइकवर तनुजा. तनुजा राहायची पुंडलिकनगरात. लग्नाचे हॉल, शाळांची गॅदरिंगं, हळदीकुंकवाचे कार्यक्रम, सगळीकडं निवेदनाला तीच. आवाज असा खणखणीत की पेंगुळलेली माणसं ताठ बसायची. नवऱ्याची, सुयशची, बिडकीनला कंपनीत नोकरी होती, घरात कमी काही नव्हतं. पण माइक हातात आला की बाई फुलायची. तिचं ते सुख होतं, आणि त्यात वाईट काय?

संघटनेनं तिला सांगायला दिलेली सूचना अगदी कोरडी ठाक. ‘नागरिकांनी आपल्या मौल्यवान वस्तूंची काळजी घ्यावी.’ कोण ऐकतंय? पहिल्या दिवशी तनुजानं ती इमानेइतबारे वाचली आणि समोरची बाई पणत्यांचा भाव पाडण्यात गुंतलेली ती गुंतलेलीच राहिली. दुसऱ्या दिवशी तनुजानं स्वतःचं पदरचं घातलं.

‘अहो ताई, अहो दादा, नुसतं ऐकू नका! पाकीट आहे ना जागेवर? पोत आहे ना गळ्यात? आणि खेड्यावरून आलेल्या माझ्या मावश्यांनो, झंपरात ठेवलंय ते? एकदा हात लावून बघा बरं!’

अख्खी गुलमंडी हसली. हसली आणि खरंच हात लावून बघितलं. संघटनेचे सचिव सखारामशेठ आपल्या कापडाच्या दुकानातून उठून मांडवात आले. म्हणाले, “वा मॅडम! याला म्हणतात जनजागृती.” त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं आणि आपल्या मोबाइलवर आवाज भरून घेतला. त्या रात्री तनुजानं जेवताना सुयशला आणि लेकीला, संस्कृतीला, ते वाक्य तीनदा म्हणून दाखवलं. लेक हसून हसून लोळली.

आता तिच्या आईचं सांगायला हवं. आई म्हणजे पिशोरच्या भागूबाई. वडील गेले त्याच वर्षी भाऊ सुदर्शन तनुजाला तालुक्याला, कन्नडला घेऊन गेला आणि जमिनीच्या हक्कसोडीवर तिची सही घेतली. बदल्यात काय, तर साडी-चोळी आणि हॉटेलात जेवण. तनुजानं हसत सही केली. जमिनीपायी भाऊ तुटायला नको, माहेरचा दरवाजा उघडा राहावा, एवढंच तिच्या मनात. पण भागूबाईला ते लागलं ते लागलंच. लेकीला आपल्या हातानं काही दिलं नाही, हे म्हातारीला घास घेताना आठवायचं.

तिच्याजवळ तिचं म्हणावं असं होतं तरी काय? हातातल्या पाटल्या आणि आईकडून आलेली एक बोरमाळ. ती बोरमाळ तिनं तनुजाला द्यायची ठरवली. पण तशीच दिली तर सुदर्शन आणि त्याची बायको मोनिका ती लांबून ओळखणार. म्हणून ती सोनाराकडं मोडायची आणि लेकीसाठी त्याचं गंठण करायचं. लक्ष्मीपूजनाला घरात विचारलं, तर तार तुटली, सांधायला टाकलीय असं सांगायचं. पुढचं पुढं. स्वतःची वस्तू, स्वतःची लेक, आणि द्यायची चोरून! असा आपल्याकडचा न्याय.

धनत्रयोदशीला तनुजाला फराळ द्यायचं निमित्त काढून भागूबाई पिशोरहून सकाळच्या एसटीनं निघाली आणि रिक्षा करून थेट मांडवात आली. बोरमाळ रुमालात गुंडाळून झंपरात ठेवलेली.

“बस आई. अर्ध्या तासानं माझी सुटका होती, मग जाऊ सराफ्यात,” तनुजा म्हणाली.

भागूबाई बसली. लेकीकडं बघत राहिली. माइक, टीव्ही, ‘मॅडम मॅडम’ करणारी माणसं. लेकीचं ते कौतुक तिला एका जागी बसून सोसेना.

“मी समोरच्या दुकानात संस्कृतीला बांगड्या बघून येते. तू बोल. मला तिथून आयकायचंय.”

“गर्दी लई आहे आई. जपून.”

“व्हय गं बाई. मी काय कुकुलं लेकरू हाय?”

भागूबाई गेली. गर्दीत तिचा हिरवा पदर दिसला आणि दिसेनासा झाला. तनुजाला हसू आलं. आई बाहेर ऐकतेय या खुशीत तिनं माइक ओढला आणि त्या दिवशी जरा जास्तच रंगात येऊन म्हणाली, ‘खेड्यावरून आलेल्या माझ्या मावश्यांनो, माझ्या मायमाउल्यांनो, झंपरात ठेवलंय ते आहे ना? एकदा हात लावून बघा बरं!’

थोड्या वेळानं भागूबाई परत आली ती भिंतीसारखी पांढरी पडून. हातात बांगड्या नव्हत्या. येऊन खुर्चीत बसली.

“काय झालं आई? चक्कर आली का?”

“नाय.” तिनं झंपरावर हात ठेवला आणि तसाच दाबून धरला. “तनू, गेली गं.”

तनुजानं आईचा पदर, पिशवी, खुर्चीखाली सगळं बघितलं. उगाच. झंपराच्या शिवणीपाशी पात्यानं चिरलेलं स्वच्छ दिसत होतं. म्हातारीला साधा ओरखडाही नाही. काय हात असेल एकेकाचा! देवानं दिलेली कला आणि वापरायची कुठं, तर म्हातारीच्या झंपरावर. मुडदा बशिवला मेल्यांचा!

“फारूखभाई, तक्रार लिहून घ्या,” तनुजा उठली.

“नाय!” भागूबाईनं तिचा हात धरला. “तक्रार नाय करायची. पोलीस इचारायला पिशोरला येतील. बोरमाळ घिऊन इकडं काहून आली व्हती, हे मी सुदर्शनला काय सांगू?”

फारूखनं समजावून बघितलं. “मावशी, तक्रार केली नाही तर आम्ही शोधणार कसं?” पण भागूबाई ऐकेना. शेवटी तो म्हणाला, “ठीक है. निदान कॅमेऱ्यात बघू तरी. चेहरा दिसला तर माझ्या ध्यानात राहील.” त्यानं मघाचं चित्रण मागं नेलं.

टीव्हीला आवाज नव्हता. माणसं मुंग्यांसारखी चाललेली. बांगड्यांच्या दुकानापाशी हिरवा पदर दिसला. भागूबाईच्या शेजारी एक बाई, चांगल्या घरची दिसणारी, अंगावर नवी साडी, दोन्ही हातांत खरेदीच्या पिशव्या. तिच्याकडं बघून कुणाला शंका येणार नाही.

आणि एकदम चित्रातले हात उठले. एकाच वेळी. कुणाचा मागच्या खिशाला, कुणाचा गळ्याशी, कुणाचा पर्सच्या चेनीवर. एका म्हाताऱ्यानं कोपरीच्या आतला खिसा चाचपला. एका पोरीनं कमरेला खोचलेला मोबाइल दाबला. सगळ्यांनी आपापलं कुठं ठेवलंय ते दाखवलं आणि पुन्हा चालायला लागले. आवाज नसला तरी तनुजाला कळलं त्या क्षणी आपण काय बोलत होतो.

“थांबवा. पुन्हा दाखवा,” ती म्हणाली.

फारूखनं पुन्हा दाखवलं. भागूबाई चालता चालता थांबते. वर खांबावरच्या भोंग्याकडं बघते. तोंडभर हसते. शेजारच्या त्या बाईला काहीतरी सांगते. आणि डावा हात छातीवर ठेवते. ती बाईही हसते. पण तिची नजर भोंग्याकडं नसते.

“काय सांगितलंस तिला?” तनुजानं विचारलं.

“म्हणलं, ही बोलती ना, ती मही लेक हाय.” भागूबाई टीव्हीकडंच बघत होती. “ती म्हणली, लई छान बोलती हो.”

पुढचं काही बघायची गरजच नव्हती. कुणीतरी मागून ढकललं, ती बाई अंगावर आली, सावरली आणि गर्दीत विरघळली. फारूख म्हणाला, “मॅडम, तुमचा काय कसूर? तुम्ही तर चांगल्यासाठीच बोलत होता.” हे असलं बोलणं ऐकलं की माणसाला जास्तच रडू येतं.

तनुजा तशीच उठून सखारामशेठच्या दुकानात गेली. म्हणाली, “शेठ, ते वाक्य बंद करायला पाहिजे. लोक हात लावतात आणि चोरांना जागा कळते. माझ्या आईचं सोनं गेलं त्यापायी.”

शेठ गिऱ्हाइकाला पैठणी उलगडून दाखवत होते. चेहरा वाईट केला, चुकचुकले. मग म्हणाले, “मॅडम, वाईट झालं. पण सूचना नाही दिली तर उद्या लोक म्हणतील, संघटना झोपली होती काय? आणि लोकांना तेच ऐकायचंय. काल एक जण तर खास त्यासाठी पडेगाववरून आला.”

“मी नाही म्हणणार ते.”

“नका म्हणू. तुम्ही दमलाय. आराम करा, साधी सूचना वाचा.” शेठ समजूतदारपणे हसले. “माझ्याकडं भरलेलं आहे की.”

तेव्हापासून तनुजा माइकवर कोरडी सूचना वाचायची. तिनं माइक ठेवला की भोंग्यातून तिचाच भरलेला आवाज हसत हसत बाहेर पडायचा आणि चौकभर हात उठायचे. मांडव सोडून जावं तर भाऊबीजेपर्यंतचं कबूल केलेलं. तिला त्या आवाजाची शिसारी आली. लग्नाच्या हॉलात ज्याच्यावर माणसं खुश व्हायची, तो हाच का?

भागूबाई त्याच संध्याकाळी पिशोरला परत गेली. जाताना फराळाचा डबा तनुजाच्या हातात दिला आणि म्हणाली, “तुझ्या मनाला लावून घिऊ नको.” एसटीत बसली आणि खिडकीतून एकदाही मागं बघितलं नाही.

पाडव्याला दुपारी तिचा फोन आला. मांडवात त्या वेळी भाऊबीजेच्या खरेदीची झुंबड होती. भागूबाई शेतातून बोलत होती, दबक्या आवाजात.

“तनू, आयक. पूजेला बोरमाळ कुठंय म्हणून इचारलं. सोनाराकडं टाकली म्हणलं, तर सुदर्शन म्हणला, कोणता सोनार, चल, घिऊन येऊ. मग मी सांगितलं, तनूला दिली.”

“आई! अगं, मला कुठं...”

“आयक तर. चोरीला गेली म्हणलं असतं ना, तर मी येडी ठरले असते. हातातल्या पाटल्या बी काढून घेतल्या असत्या, जपून ठिवतो म्हणून. पुन्हा एकटीला तुझ्याकडं येऊ दिलं नसतं. दिली म्हणलं तर भांडतील, पर मही व्हती म्हणून मी दिली, एवढं तर ऱ्हाईल का नाय?” ती थांबली. धाप लागली होती तिला. “तो तुला इचारल. व्हय म्हण बाई. माह्यासाठी.”

तनुजा काही बोलायच्या आत फोन बंद झाला. ती खुर्चीत बसून राहिली. बोरमाळ तर मिळाली नाहीच, आणि आता ती मिळाल्याची शिक्षा भोगायची. तिला आईचा राग आला. मग त्या रागाची लाज वाटली आणि मग पुन्हा राग आला.

सुदर्शनचा फोन यायला वेळ लागला नाही. सूर मात्र मऊ होता. तिनं तो अपेक्षिला नव्हता.

“तनू, आई म्हणती बोरमाळ तुला दिली. मला तर पटत नाय. म्हातारीनं कुठं हरवली असंल आन् तुझं नाव घेती, असं वाटतंय. तू खरं सांग. मी काही रागावत नाय. उद्या भाऊबीजेला यायलोच हाय, साडी बी घेऊन ठिवलीय.”

दरवाजा असा सताड उघडा होता. फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं, आणि ‘नाही’ हेच खरं होतं. तनुजाच्या डोळ्यांपुढं आईच्या हातातल्या पाटल्या आल्या. भोंग्याकडं बघून तोंडभर हसणारी आई आली.

“माझ्याकडंच आहे, दादा,” ती म्हणाली. “आईनं दिली मला.”

नेमकं त्याच वेळी वर भोंगा खरखरला. ‘अहो ताई, अहो दादा, नुसतं ऐकू नका! पाकीट आहे ना जागेवर? पोत आहे ना गळ्यात?’

“हे कोण बोलतंय? तूच ना?” त्यानं विचारलं.

“हो.”

“वा! लोकायला चोरापासून सावध करती, आन् आपल्या मायला तूच लुटती. लखलाभ होवो तुला ती बोरमाळ. उद्या मही वाट बघू नको. उद्याच काय, पुन्हा कधीच नको.”

फोन कट झाला. तनुजानं तो टेबलावर पालथा ठेवला. समोर सारी गुलमंडी हसत होती आणि हात लावून बघत होती.