पिंपळाखालचं सोलर

सोलर परवडतं का, हे गल्लीत ज्याला त्याला माझ्याकडूनच ऐकायचं असतं.

मंडालेत वीज दिवसातून चार तास येते, तीही आली तर. माझ्या आईला मात्र ऑक्सिजनचं मशीन दिवसभर लागायचं. म्हणून नवऱ्याने मोटरसायकल विकली, मी कानातलं विकलं आणि पावसाळा सरताच छपरावर दोन पॅनेल चढवली. पण बॅटरी कधी धड भरलीच नाही. अंगणातला पिंपळ छपरावर पसरलेला. दुकानदार ऊ चो मिन वर बघून म्हणाला, "ताई, माल चोख आहे. तुमच्या सावलीला मी काय करू? फांदी तोडा."

फांदी तोडा म्हणे! त्या पिंपळावर नाट राहतो, झाडाचा राखणदार. बुंध्यावर त्याचं बांबूचं इवलंसं घर, आणि तिथे रोज पाणी ठेवणारी आमची आईच.

नवऱ्याने, को थेट नाइंगने, केळी-नारळ ठेवून नाटाची परवानगी मागितली आणि करवत उचलली. आईने खिडकीतून पाहिलं.

"जावईबापू, त्या फांदीला हात लावलात तर ही नाकातली नळी काढून फेकेन."

"आई, अहो एकच फांदी..."

"तुमच्या घराचं एकच छप्पर काढलं तर चालेल?"

मला असा संताप आला, वाटलं नाटाचं घरच उपटून फेकावं. पण आईने नळी खरंच काढली असती, तिला मी ओळखत होते. करवत परत गेली.

थंडीत एका दुपारी वीज गेली. थोड्या वेळाने बॅटरीही संपली. आम्ही दोघं आलटून पालटून तिला वारा घालत बसलो. दिवेलागणीच्या आत आई गेली.

पुढच्याच महिन्यात पिंपळाची पानगळ झाली. सगळा पिंपळ उघडा, छपरावर लख्ख ऊन. आता पंखा चालतो, टीव्ही चालतो, भात शिजतो.

"मग, वसूल झालं की गं सोलर!" शेजारीण म्हणते.

नाटाला पाणी आता मी ठेवते, शिव्या देत.

आईचं मशीन विकायला काढायचं ठरलं, म्हणून नवऱ्याने काल सकाळी ते लावून पाहिलं. चालतंय, एवढं बघून बंद करायचं होतं. दिवस मावळेपर्यंत नळी आईच्या रिकाम्या पलंगावर हवा सोडत होती, आणि बंद करायला आमच्यातलं कुणीच उठलं नाही.