सुमंगलाबाईंचा मृदंग आणि तीन सिलिंडरची मोटार

सुमंगलाबाईंचा हात गेला, ही बातमी अख्ख्या झरी गावात सगळ्यात शेवटी त्यांनाच कळली.

हात जागेवरच होता; फक्त मृदंगावरून गेला होता. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई अकरा वर्षं महिला भजनी मंडळात मृदंग वाजवत होत्या, आणि महिनाभरापासून दर चौथा ठोका गाळत होत्या. तीन ठोके खणखणीत, चौथ्याला खड्डा. त्या खड्ड्यात बाकीच्या बायका अभंगासकट पडायच्या. डॉक्टरांनी खांदा दाबला, मनगट दाबलं आणि साखर बंद करायला सांगितली. साखर बंद झाली. ठोका काही आला नाही.

शेवटी मंडळाच्या प्रमुख चांगुणाबाईंनी सकाळीच फोनवर निकाल लावला. "सुमंगला, आजच्या तालमीत ठोका बराबर बसला तर ठीक. न्हाई तर चुडाव्याच्या भजन स्पर्धेत मृदंग मंजुषाकडं. ती आठ दिवसांपासून शिकायलीय."

तालीम पेडगावला, चांगुणाबाईंच्या अंगणात. बाईंना तिथं रोज नेण्याचं काम त्यांचे यजमान उद्धवराव करत. त्यांच्याकडं सत्त्याऐंशी सालची क्रीम रंगाची गाडी होती. तिला ते 'मोटार' म्हणत. गाडी म्हटलं की त्यांना मागोमाग बैल दिसत. सध्या मोटार गचके देत होती. "वय झालं की माणूसबी असाच चालतो," असं ते म्हणत. मृदंग मांडीवर घेऊन शेजारी बसलेल्या बाई, हा टोमणा नक्की कुणाला, याचा विचार करत.

त्या दुपारी पेडगावात शिरताना मोटार परमेश्वरच्या गॅरेजसमोर इतकी थरथरली की तो हातातला पाना घेऊन बाहेरच आला.

"काका, तीनच सिलिंडरवर चालायलीय. चारातला एक सुट्टीवर हाय."

"तालमीला उशीर व्हायलाय रे. येताना बघू."

"बंद करू नका, चालूच ठेवा." परमेश्वरनं बॉनेट उघडलं, पण आत वाकायचं सोडून तो बाईंकडंच बघत राहिला. "काकू, हे काय करायल्यात तुमी?"

बाईंनी खाली पाहिलं. त्यांची बोटं मृदंगावर आपोआप चालली होती. तीन ठोके, खड्डा. तीन ठोके, खड्डा.

"तुमी इंजिन वाजवायल्यात," परमेश्वर म्हणाला.

उद्धवरावांनी बायकोकडं पाहिलं, मग मोटारीकडं. कुणाची बाजू घ्यावी हे त्यांना ठरवता येईना. बाईंना मात्र एकदम मोकळं वाटलं. म्हणजे हात गेला नव्हता. हातानं फक्त गुरू बदलला होता.

त्या मृदंग घेऊन खाली उतरल्या आणि स्टुलावर बसल्या. "कुठला सिलिंडर?"

"तेच काढू. माझा एक कान कंप्रेसरनं खाल्लाय, म्हणून तुमी वाजवत ऱ्हावा. मी एकेका प्लगची वायर काढतो. चालणाऱ्याची काढली की इंजिन अजून लंगडंल, तुमचा हात बदलंल. बंद असलेल्याची काढली तर कायच फरक पडणार न्हाई."

"म्हणजे हजेरी घ्यायची," बाई म्हणाल्या.

पहिली वायर निघाली. मोटार कण्हली, बाईंचा हात दोन ठोक्यांवर आला. "हजर!" वायर परत बसली, दुसरी निघाली. "हजर!" तिसरी निघाली. मोटारीला पत्ता नाही, हाताला पत्ता नाही.

"गैरहजर!" बाई ओरडल्या. सगळ्या नोकरीत त्यांनी कुणाला इतक्या आनंदानं गैरहजर म्हटलं नव्हतं. चौथ्याची गरज नव्हती, पण हजेरी अर्धी सोडणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं.

इंजिन बंद करून काढला तर तिसरा प्लग पेट्रोलनं ओला निघाला. "पेट्रोल यायलंय, ठिणगी न्हाई," म्हणत परमेश्वर त्याच्या वायरीवरून बोट फिरवत गेला आणि मध्येच थांबला. वायरीवर एक बारीक तार पिळली होती. तारेत वाळून काळं पडलेलं लिंबू आणि सात मिरच्या. तारेचं दुसरं टोक बॉडीच्या बोल्टला.

"काका?"

"गेल्या महिन्यात तलाठ्यानं मोटारीची लय तारीफ केली," उद्धवराव म्हणाले. "आता नजर काय बंपरला लागती का? इंजिनालाच लागणार. म्हणून थेट आत बांधलं."

"तार वायरीत रुतलीय. ठिणगी प्लगला जायच्या ऐवजी लिंबावाटं बॉडीत जायलीय."

"बघ! म्हणजे लिंबात ताकद हाय."

परमेश्वरनं लिंबू सन्मानानं त्यांच्या हातात दिलं आणि नवी वायर बसवली. इंजिन सुरू झालं. गिरणीत दळण पडावं तसा एकसारखा आवाज.

बाईंनी हात उचलला. तीन ठोके पडले आणि हात सवयीनं हवेत अडकला. पुन्हा तीन, पुन्हा हवेत. त्यांनी डोळे मिटले, स्टूल ओढून कान बॉनेटजवळ नेला. तीन. आणि चौथा! मग पुढचा चौथा, मग त्याच्या पुढचा.

"तालीम अंगणात, अन् तू गॅरेजात?" शोधत आलेल्या चांगुणाबाई दारातूनच कडाडल्या. मागं मंजुषा होती. पण चौथा ठोका कानावर पडताच चांगुणाबाईंनी पिशवीतून टाळ काढले आणि तिथंच, ऑइलच्या डब्यांसमोर अभंग सुरू केला. पंक्चर काढायला आलेला एक माणूस ट्यूबवर ठेका धरून बसला.

"चुडाव्याला मृदंग तूच घे," अभंग संपल्यावर चांगुणाबाई म्हणाल्या. मंजुषानं इतका मोठा सुस्कारा टाकला की परमेश्वरला वाटलं ट्यूबचं पंक्चर सापडलं. आठ दिवस मोबाइलवर बघून शिकताना तिची बोटं सुजली होती.

"पण धोका नको," चांगुणाबाई उद्धवरावांना म्हणाल्या. "स्पर्धेच्या दिवशी मोटार मंडपामागं चालू ठेवा."

"मग मंडळाच्या यादीत तिचं नाव घालाल का?" उद्धवरावांनी गंभीरपणे विचारलं.

"काय गरज न्हाई," मृदंग मांडीवर ओढत सुमंगलाबाई म्हणाल्या. "आता मोटार माझं ऐकून चालंल."